वर्डमध्ये चाळीसेक पानांचा सलग मजकूर सिलेक्ट कसा करायचा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

माझ्या वडिलांच्या आठवणी एका वर्ड फाइलमध्ये टाइप करून झाल्या आहेत, पानं २८०. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. १९७२ च्या दुष्काळावर त्यांनी फार तपशिलात लिहिलंय: खडी फोडायची कामं, मिलो ज्वारी, सुकडी, कामावर आलेल्या बायांच्या पोरांची झाडाखाली भरवलेली शाळा. एवढाच भाग वेगळ्या फाइलमध्ये काढून एका दिवाळी अंकाला पाठवायचाय. तो पान ८७ च्या मध्यावर सुरू होतो आणि १२९ वर संपतो.

अडचण अशी की लॅपटॉपला माउस नाही, नुसतं टचपॅड आहे. दाबून खाली ओढत नेलं की पान आधी मुंगीच्या पावलांनी सरकतं आणि मग एकदम सुसाट सुटतं, थांबवेपर्यंत दीडशेच्या पुढे. परत नीट करायला जावं तर सगळं सिलेक्शन जातं. दोन-दोन पानं करून उचलता येईल, पण सांध्यावर एखादी ओळ गळली तर? बाबांचं एक वाक्यही गळायला नकोय मला.

न ओढता करायची काही रीत आहे का? आणि हवं तेवढंच सिलेक्ट झालंय हे ताडून कसं बघायचं?

प्रतिसाद १
ताई, ओढूच नका. ८७ व्या पानावर पहिल्या अक्षराच्या अगदी आधी एकदा क्लिक करा. मग दोन बोटांनी स्क्रोल करत १२९ वर या. मध्ये कुठेही क्लिक करायचं नाही आणि बाणाची बटणंही दाबायची नाहीत. शेवटच्या पूर्णविरामानंतर शिफ्ट दाबून धरून क्लिक करा. मधलं सगळं सिलेक्ट होतं. शेवट चुकला तर शिफ्ट धरूनच योग्य जागी पुन्हा क्लिक करा, सुरुवात हलत नाही. गूगल डॉक्स आणि लिबरऑफिसमध्येही हे असंच चालतं.

प्रतिसाद २
एवढं स्क्रोल करायचं नसेल तर सुरुवातीला क्लिक करून एफ८ दाबा (बऱ्याच लॅपटॉपवर एफएनसोबत). आता कंट्रोल + जी, पान १२९, गो टू, आणि ती खिडकी बंद. सिलेक्शन १२९ च्या माथ्यापर्यंत पोचलेलं असेल. उरलेलं खाली जाणाऱ्या बाणाने ओळ-ओळ वाढवा. एफ८ चालू असताना बाण सिलेक्शन मोडत नाही, वाढवतो. कॉपी झालं की एस्केप दाबायला विसरू नका, नाहीतर पुढे जिथे क्लिक कराल तिथपर्यंत सिलेक्शन पसरत राहील.

ताडण्यासाठी: सिलेक्शन तसंच ठेवून खालच्या पट्टीत डावीकडे शब्दसंख्या बघा. एकूण शब्दांपैकी किती निवडलेत ते तिथे दिसतं. नव्या फाइलमध्ये पेस्ट केल्यावर तोच आकडा आला पाहिजे. नुसतं स्क्रोल केल्याने सिलेक्शन जात नाही, त्यामुळे दोन्ही टोकं डोळ्यांनीही बघून घ्या.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार! शिफ्ट-क्लिकने झालं, शब्दसंख्याही जुळली. पण दुष्काळी कामावरच्या हजेरीपटाचा फोटो आला नाही, बाकीचे आले. तो सुरुवातीच्याच पानावर आहे.

प्रतिसाद २
त्या फोटोभोवती मजकूर फिरवलेला असणार. असा फोटो जहाज नांगराला बांधावं तसा कुठल्यातरी परिच्छेदाला जोडलेला असतो आणि त्या परिच्छेदासोबतच कॉपी होतो. होम टॅबवरचं परिच्छेदखुणा दाखवणारं बटण (¶) चालू करून फोटोवर क्लिक करा, समासाजवळ छोटा नांगर दिसेल. तो बहुतेक आधीच्या प्रकरणाच्या शेवटच्या परिच्छेदापाशी असेल. नांगर ओढून तुमच्या पहिल्या परिच्छेदाजवळ आणा आणि पुन्हा कॉपी करा.

प्रतिसाद ३
पुढेही अशी प्रकरणं काढायची असतील तर शीर्षकं नुसती बोल्ड ठेवू नका, प्रत्येकाला हेडिंग १ ही स्टाइल द्या. मग व्ह्यू टॅबमधून नॅव्हिगेशन पेन उघडा, प्रकरणाच्या नावावर राइट क्लिक करा आणि 'सिलेक्ट हेडिंग अँड कंटेंट' निवडा. अख्खं प्रकरण एका फटक्यात सिलेक्ट होतं. २८० पानांच्या फाइलला एवढी मेहनत घ्यायलाच हवी, अनुक्रमणिकाही त्यातूनच तयार होईल.

धागाकर्ती
नांगर खरंच आधीच्या प्रकरणाच्या शेवटच्या परिच्छेदापाशी होता! हलवला, फोटो आला. आज रात्री सगळ्या शीर्षकांना हेडिंग देते.