मदत हवी आहे: दहा मिनिटांत बोटीच्या मोटरचा दम संपतो

राजेहो, जरा डोकं चालवा. रामटेकच्या खिंडसी तलावावर नेतो ती माझी जुनी टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे लावायची मोटर), १५ एचपीची. एका दोरीत सुरू होते, दहा मिनिटं मस्त पळते, मग फुल थ्रॉटलवर नुसती रांगते. तेव्हा पेट्रोलच्या नळीतला प्रायमर बल्ब (हातानं दाबून पेट्रोल चढवायचा रबरी फुगा) पार पिचकलेला असतो. चार-पाचदा दाबला की मोटर पुन्हा उचल खाते.

टाकीचा व्हेंट (हवेचं भोक) उघडा, फुंकूनही पाहिला. प्लग नवे, पेट्रोल-ऑइल ५०:१, थंडाव्याच्या पाण्याची धार जोरात.

मित्र म्हणतो, मोटरमधल्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा डायफ्राम (आतला लवचीक पडदा) गेला. पण पंप ओढतच नसता तर बल्ब चपटा कसा झाला असता? मला टाकीतल्या जाळीचा संशय आहे. की पेट्रोलमधल्या इथेनॉलनं जुन्या नळीचं आतलं अस्तर सुटलं? आधी काय उघडू? इथले बाइकवाले मेकॅनिक तर बघूनच हात जोडतात.