मीटरवर १४७, जीपीएसवर १३३: स्पोर्ट्‌स बाइकचा खरा वेग कोणता धरावा?

नोएडाकर

नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त सध्या नोएडात राहतो. माझ्याकडे दीडशे सीसी गटातील, पूर्ण फेअरिंगची (हवा कापणाऱ्या आवरणाची), सहा गिअरची बाइक आहे. गेल्या महिन्यात बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवरील ट्रॅक डेला (आपली गाडी रेसच्या ट्रॅकवर चालवण्याच्या दिवशी) ती घेऊन गेलो होतो. तिथल्या साधारण एक किलोमीटर लांबीच्या सरळ पट्ट्यावर, हनुवटी टाकीला टेकवून, सहाव्या गिअरमध्ये मीटरवर १४७ हा आकडा दिसला. जॅकेटच्या खिशात चालू ठेवलेल्या मोबाईलच्या जीपीएस नोंदीत मात्र त्या फेरीतील कमाल वेग १३३ इतकाच आहे. हेल्मेटवरील कॅमेऱ्याचे चित्रण थांबवून पाहिले, तेव्हा आरपीएमची (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांची) पट्टी १०,००० च्या खुणेला टेकलेली दिसली.

माझ्या मित्राकडे हेच मॉडेल आहे आणि त्याच दिवशी त्याच्या मीटरवर १५२ आले. त्याचा व्हिडिओ तो आता सर्वांना दाखवत असतो आणि माझ्या गाडीत काही तरी दोष आहे, असे त्याचे मत आहे. त्याने मागचे स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चक्र) ४८ ऐवजी ५० दात्यांचे बसवले आहे. पुढचे मूळचेच, १४ दात्यांचे आहे. माझे दोन्ही कंपनीचेच आहेत.

माझे मीटर बिघडले आहे का? आणि वेग दहा टक्के फुगवून दाखवला जात असेल, तर किलोमीटरही तसेच फुगत असणार. म्हणजे मी ज्याला ४५ चे मायलेज समजतो, ते प्रत्यक्षात ४० च आहे का?

चेन_आणि_ग्रीस

मीटर बिघडलेले नाही. ते जसे असावे तसेच आहे.

वेगमापकांसाठी संयुक्त राष्ट्रांचा जो ३९ क्रमांकाचा नियम आहे, त्याचे मूळ सूत्र एकतर्फी आहे: मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवता कामा नये, जास्त दाखवला तर चालतो, आणि मॉडेलच्या मंजुरी चाचणीत ही सूट खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर इतकी असते. खरा वेग १३३ असेल, तर १५० पर्यंतचा आकडा या सूत्रात बसतो. टायर नवा की झिजलेला, हवा किती, चालक एकटा की मागे कोणी बसलेले, यांवर चाकाचा प्रत्यक्ष घेर बदलत राहतो. त्यामुळे कोणत्याही परिस्थितीत आकडा खऱ्याच्या खाली जाऊ नये म्हणून उत्पादक तो मुद्दामच वर ठेवतात. चुकायचेच असेल तर एकाच बाजूला चुकायचे, असा हा हिशेब आहे.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर मात्र ना मीटरमध्ये आहे ना मोबाईलमध्ये; ते आरपीएममध्ये आहे. क्लच घसरत नसेल, तर इंजिन, गिअर, चेन आणि चाक यांच्यातील प्रमाण दातांनी बांधलेले असते, त्यात कोणालाही फुगवाफुगवी करता येत नाही. सहाव्या गिअरचे, प्राथमिक रिडक्शनचे (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यातील दातेरी जोडीचे) आणि टायरचे आकडे मॅन्युअलमधून दिलेत, तर लगेच गणित करून देतो.

नोएडाकर

मॅन्युअलनुसार प्राथमिक रिडक्शन ३.०४२, सहावा गिअर ०.८४०, स्प्रॉकेट १४ व ४८, मागचा टायर १४०/७०-१७.

चेन_आणि_ग्रीस

४८ ला १४ ने भागले की ३.४२९ येतात. तिन्हींचा गुणाकार ८.७६, म्हणजे इंजिनाचे पावणेनऊ फेरे झाले की मागच्या चाकाचा एक. १०,००० आरपीएमला चाक मिनिटाला ११४१ वेळा फिरते. १७ इंची रिम म्हणजे ४३२ मिलिमीटर, त्यात दोन्ही बाजूंच्या टायरची ९८-९८ मिलिमीटर (१४० च्या ७० टक्के) उंची मिळवली की व्यास ६२८ आणि घेर १.९७ मीटर होतो. यावरून ताशी १३५ किलोमीटर निघतात. वजनाखाली टायर थोडा दबतो, त्यामुळे प्रत्यक्ष घेर या कागदी घेरापेक्षा एक-दोन टक्के कमीच भरतो. राहिले १३२ ते १३४. तुमचा जीपीएस खोटे बोलत नाही.

१४७ हा खरा वेग असता, तर इंजिन १०,९०० च्या आसपास फिरत असायला हवे होते, आणि तुमच्या चित्रणात तसे दिसत नाही. दुसऱ्या बाजूनेही पाहता येईल. या वेगांना बहुतेक शक्ती हवा कापण्यातच जाते आणि लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १३५ वरून १४५ वर जायचे, तर वेग वाढतो साडेसात टक्क्यांनी, पण शक्ती सुमारे २४ टक्के जास्त लागते. सायलेन्सर आणि एअर फिल्टर बदलून इतकी वाढ मिळाल्याचे मी तरी पाहिलेले नाही, जाहिराती काहीही म्हणोत.

वर्कशॉप_नाशिक

मित्राच्या १५२ बद्दल लिहितो, कारण अशा गाड्या आमच्याकडे नेहमी येतात.

आधी मीटर वेग कुठून घेते ते पाहा. गाडी पॅडॉक स्टँडवर (मागचे चाक अधांतरी ठेवणाऱ्या स्टँडवर) घ्या, इंजिन चालू करून पहिला गिअर टाका आणि क्लच हलकेच सोडा. पुढचे चाक स्थिर असताना मीटरवर आकडा आला, तर सेन्सर पुढच्या चाकात नाही. (एबीएसचा, म्हणजे ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा लागला, तर घाबरू नका, चावी बंद-चालू करून थोडे अंतर चालवले की तो साधारणपणे विझतो.) मग पुढच्या स्प्रॉकेटचे झाकण काढून पाहा. चेनच्या चिखलाने माखलेली एक बारीक वायर वरून इंजिनाच्या केसिंगमध्ये शिरताना दिसली, तर सेन्सर गिअरबॉक्सच्या बाहेर पडणाऱ्या शाफ्टचे फेरे मोजतो आहे.

तसे असेल, तर मागचे स्प्रॉकेट किती दात्यांचे आहे हे मीटरला कळण्याचा काही मार्गच नाही. ते ४८ गृहीत धरूनच वेग दाखवते. ५० दाते बसवल्यावर त्याच शाफ्टच्या फेऱ्यांना चाक चार टक्के कमी फिरते, पण मीटर जुनाच आकडा दाखवते. तुमच्या गाडीत फुगवटा साडेदहा टक्के आहे. त्याच्या गाडीत हा आणखी चार टक्क्यांचा थर चढून सुमारे पंधरा टक्के झाला. १५२ ला १.१५ ने भागा: १३२. तुम्ही दोघेही एकाच वेगाने पळत होतात, फक्त त्याचे इंजिन जास्त ओरडत होते. त्याच्या गाडीचे किलोमीटरही आता चार टक्के जास्त पडत असणार. सर्व्हिस लवकर येईल आणि गाडी विकताना नुकसान होईल, हे त्याला सांगाच.

सातासमुद्रापार

थोडे विषयाच्या कडेने, पण संबंधित. मोठ्या गाड्यांतही हा गोंधळ असतोच, फक्त आकडे भीतीदायक होतात. १९९९ साली सुझुकीची हायाबुसा आली, तेव्हा तिच्या मीटरवर ३५० पर्यंत आकडे छापलेले होते. युरोपात अशा वेगांवर बंदी येण्याची चिन्हे दिसू लागल्यावर उत्पादकांनी आपसांत समजूत करून ३०० ची मर्यादा मान्य केली आणि २००१ च्या मॉडेलपासून तिच्या मीटरवरून ते ३५० नाहीसे झाले. त्यानंतर अनेक गाड्यांचा डिजिटल आकडा २९९ वर थिजतो.

कावासाकीच्या एच२आर या बाइकचे ताशी ४०० किलोमीटर आठवत असेलच. ३० जून २०१६ रोजी तुर्की रेसर केनान सोफुओग्लू याने तुर्कस्तानातील उस्मान गाझी पुलावर २६ सेकंदांत गाठलेला तो वेग व्हिडिओत गाडीच्या डॅशबोर्डवरच दिसतो. पराक्रम मोठाच आहे, परंतु अधिकृत विक्रमासाठी दोन्ही दिशांनी धावून सरासरी काढावी लागते, कारण पाठीवरचा वारा आणि रस्त्याचा उतार हे दोघेही फुकटची मदत करतात. नोएडाकर, बुद्धच्या त्या पट्ट्यावरही चढउतार आहे, आणि सर्किटवर उलट दिशेने धावता येत नाही. तेव्हा तुमचे १३३ देखील त्या दिवसाचे, त्या वाऱ्याचे १३३ आहेत. शिवाय मोबाईल साधारण सेकंदाला एकदाच नोंद घेतो आणि तेवढ्या वेळात तुम्ही ३७ मीटर पुढे गेलेले असता. ब्रेक लावण्याच्या आधीचा शिखराचा क्षण दोन नोंदींच्या मध्ये हरवला असेल, तर एखादा किलोमीटर वर धरायला माझी हरकत नाही.

चेन_आणि_ग्रीस

मायलेजचा प्रश्न राहिला. वेगाचा आकडा मुद्दाम वाढवून दाखवला जातो; किलोमीटर मात्र बहुतेक गाड्यांत सेन्सरच्या मोजणीवरून सरळ घेतले जातात, त्यामुळे त्यांतील चूक पुष्कळ कमी असते. खात्री करून घ्यायची असेल, तर महामार्गावरील किलोमीटरचे दगड पुरेसे आहेत. मात्र समृद्धीवर किंवा मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर जाऊ नका, तिथे दुचाकींना बंदी आहे.

नोएडाकर

सुट्टीत साताऱ्याला घरी आलो आहे. तिथूनच लिहितो आहे. गाडी रेल्वेने आणली. रविवारी पहाटे पुण्याच्या दिशेने दोन्ही मोजण्या केल्या. वीस दगडांच्या अंतराला ट्रिप मीटरवर २०.२ आले. मीटरवर ७० धरून पाच दगड पार करायला ४ मिनिटे ४२ सेकंद लागली, म्हणजे खरा वेग जेमतेम ६४. वेग दहा टक्के फुगलेला, अंतर एकच टक्का. माझे ४५ चे मायलेज ४४.५ वर आले, तेवढे मी सहन करीन.

मित्राच्या स्प्रॉकेटचे झाकणही काढून पाहिले. वायर नेमकी तिथेच निघाली. त्याला १३२ चा हिशेब कागदावर मांडून दाखवला. त्याने तो शांतपणे पाहिला आणि पुढच्या ट्रॅक डेला मागे ५२ दात्यांचे स्प्रॉकेट बसवणार असल्याचे सांगितले.