रानफुलांची सहल: बस सातला की पाचला?

सर्वांना नमस्कार,
बस सकाळी सातला इंदूरच्या राजेंद्र नगरहून. महूमार्गे पातालपाणी, तिथून चोरलच्या बाजूला पायी. डबा आपापला. नावं गुरुवारपर्यंत. फुलांची यादी जोडली आहे.
– सहल समिती

सात फार उशीर होतो. पळस, गणेर, काटेसावर भर दुपारीही दिसतील, मोहाचं तसं नाही. त्याची फुलं रात्री उशिरापासून पहाटेपर्यंत गळतात आणि वेचणारे उजाडताच टोपल्या भरायला लागतात. आपण साडेआठला पोचलो तर रिकामी जमीन बघायची. पाचला निघा. झाडाखालची जागा झाडून ठेवलेली असेल तर तिथे पाय टाकायचा नाही, ती फुलं कुणाच्या तरी घरची कमाई आहे.
– लोकमान्य नगर

काका, संक्रांतीच्या वेळी पहाटेच्या बसचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाय मार्चच्या सुरुवातीला पळस भरात असतो, मोहाला तेव्हा जेमतेम कळ्या. मोहासाठी पाचला निघायचं तर तारीखही पुढे न्यावी लागेल.
– सहल समिती

वेळेचं समितीने ठरवावं, पण यादीतून घाणेरी, पिवळा धोत्रा आणि गुलमोहर काढा. घाणेरी आणि धोत्रा अमेरिकेकडचे, गुलमोहर मादागास्करचा. देशी फुलं बघायला निघालोय ना? त्यांच्या जागी धायटी आणि पांगारा घ्या. मुलांना पळस-पांगाऱ्यातला फरक असा दाखवा: दोघांचीही पानं तीन-तीन, पण पांगाऱ्याच्या फांदीला काटे असतात, पळसाला नाहीत. पळसाचं फूल केशरी, चोचीसारखं वाकलेलं, देठाकडची वाटी काळपट मखमली. पांगारा लालभडक. निष्पर्ण वेड्यावाकड्या झाडावर मोठं पिवळंधमक फूल दिसलं की तो गणेर.
– सुदामा नगर

धायटीच्या झुडपांत शिरायचं असेल तर आधी वर बघा, तिथे खाजकुइलीचे वेल असतात. शेंगा वाळल्या की त्यांची लव वाऱ्यानेही अंगावर येते. लागली तर चोळायचं नाही, चोळलं की ती आणखी आत रुतते. चिकटपट्टी लावून उपटायची, मग साबणाने धुवायचं. एक रुंद पट्टी बसमध्ये ठेवा. कुसळांमुळे लोकरी मोजे नकोत, पँटचे पाय बुटात खोचा.
– नारायण बाग

रंगासाठी पळसाची फुलं आणणार का? फक्त पडलेली घ्या, फांद्या मोडू नका. सावलीत वाळवून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी उकळून गाळा. चिमूटभर चुन्याने रंग गडद होतो, जास्त घातला तर कातडी चरचरते.
– सुदामा नगर

ताई, रंगपंचमीच्या गेरेपर्यंत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीपर्यंत, फुलं वाळायला हवीत, सहल त्यानंतर आहे.
– लोकमान्य नगर

तारीख मार्चचा शेवटचा रविवार: पळस उतरणीला, मोह सुरू. बस पाचला सुटेल. ज्येष्ठांसाठी दुसरी गाडी सातला, ती थेट पातालपाणी स्टेशनवर भेटेल. यादी दुरुस्त केली. चिकटपट्टी घेतली आहे.
– सहल समिती