जिल्हा आरोग्य विभागात डेटाचं काम: जावं का, आणि जायचं तर काय शिकून जावं?

तिरकी_सरासरी

नमस्कार मंडळी. एमएस्सी सांख्यिकी केलंय, पुण्यात एका खाजगी कंपनीत कर्जवसुलीची मॉडेलं बनवतो. पगार बरा आहे. पण कुणाचा हप्ता थकणार हे आधीच हेरायचं आणि त्याच्यामागे फोन लावून द्यायचे, यात आता मन रमत नाही. मराठवाड्यातल्या आमच्या जिल्ह्यात राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जागा निघाल्या होत्या, त्यात संनियंत्रण व मूल्यमापनाच्या पदाच्या निवड यादीत नाव आलंय. मानधन आत्ताच्या पगाराच्या निम्म्याहून कमी. आई म्हणते ये, वडील म्हणतात डोकं फिरलंय का.

ज्यांनी हे काम केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी सांगा: एसक्यूएल, पायथॉन तिथे वापरता येतं का? कुठली पोर्टलं आधी समजून घ्यावीत? एखादा अभ्यासक्रम करून जावा का? आणि पुढे वाट आहे की नुसती भिंत?

नोंदवही

याच खुर्चीत बरीच वर्षं बसलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक: पायथॉन येतं हे पहिल्या दिवशी कुणाला सांगू नकोस. ऑफिसातले सगळे बिघडलेले प्रिंटर तुझ्या टेबलावर येतील.

एचएमआयएस (आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणाली) हे तुझं रोजचं पोर्टल. २००८ पासून आहे. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, प्रत्येकाचा महिन्याचा आकडा त्यात चढतो: किती गरोदर मातांची नोंदणी, किती बाळंतपणं, किती लसी. बाईचं नाव नाही, फक्त बेरीज. आरसीएच पोर्टलवर मात्र बाईनिहाय, बाळनिहाय नोंद असते. साथरोगांसाठी आयएचआयपी, एप्रिल २०२१ पासून देशभर. त्यात एस फॉर्म गावपातळीवर लक्षणांवरून, पी फॉर्म डॉक्टरच्या अंदाजावरून आणि एल फॉर्म प्रयोगशाळेच्या निकालावरून भरला जातो. तिन्हींत ताप आहे, पण तिन्ही ताप एकाच जातीचे नाहीत, त्यांची बेरीज करायची नाही. (मी ती बेरीज केलेली पीपीटी जिल्हाधिकाऱ्यांसमोर चाललेली पाहिली आहे.) क्षयरोगाला निक्षय. पोषण ट्रॅकर अंगणवाडीवाल्यांचा, म्हणजे महिला व बालविकासचा. पण कुपोषणाचा त्यांचा आणि आपला आकडा का जुळत नाही, हे सभेत तुलाच विचारतील.

जिल्ह्याला मूळ डेटाबेस मिळत नाही, मिळतं ते एक्सेलचं डाउनलोड. त्यामुळे एसक्यूएलपेक्षा पॉवर क्वेरी (एक्सेलमधलंच डेटा साफ करायचं साधन) पक्की करून ये. दर महिन्याला त्याच शीर्षकांची, त्याच जागी जोडलेल्या रकान्यांची फाइल तीच तीच साफ करायची असते. ती एका क्लिकवर व्हायला लागली की महिन्यातले कितीतरी दिवस मोकळे होतात.

आणि रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे. निरंक लिहिलं असेल तर 'पाहिलं, काही घडलं नाही' असा अर्थ. रिकामं असेल तर सिस्टर रजेवर होती, नेट नव्हतं, किंवा तो प्रश्न आपल्याला लागू नाही असं तिला वाटलं. एक्सेल दोन्हींची बेरीज सारखीच करतं. रिकाम्या रकान्यांची वेगळी यादी दर महिन्याला काढायची सवय लाव, मॉडेल नंतर बनव.

दहावा_आदेश

वरच्या सगळ्याशी सहमत. मी कोरडं बोलतो, रागावू नकोस.

नियुक्ती आदेश अकरा महिन्यांचा असतो. मग एक-दोन दिवसांचा खंड, मग पुन्हा आदेश. दहा वर्षं सेवा झालेल्या कंत्राटी लोकांच्या समायोजनाचा शासन निर्णय मार्च २०२४ मध्ये निघाला, पण अंमलबजावणीसाठी २०२५ च्या पावसाळ्यात पुन्हा संपावर बसावं लागलं. तू आज रुजू झालास तर त्या दहा वर्षांचं घड्याळ तुझ्यासाठी आजपासून सुरू. म्हणजे कायम होण्याच्या आशेवर येऊ नकोस. दोन-तीन वर्षं काम शिकून पुढे जायचं म्हणून येत असशील तर ये.

आदेश हातात आला की बघून घे: प्रवासभत्ता आहे का, मुख्यालय कुठलं, आणि 'वरिष्ठ सांगतील ती कामे' ही ओळ किती लांब आहे.

पीएचसी_काका

वैद्यकीय अधिकारी होतो, आता निवृत्त. माझी बाजू ऐका.

दर महिन्याला आम्ही जिल्ह्याला आकडे पाठवायचो. जिल्ह्याकडून परत काय यायचं? फोन. 'तुमचं लसीकरण ८४ टक्केच कसं?' नकाशा नाही, तक्ता नाही, कुठल्या वाडीत पोरं सुटली त्याची यादी नाही. आकडा वर जातो आणि खाली नुसता ओरडा येतो. मग खालचा माणूस ओरडा टाळणारा आकडा द्यायला शिकतो. यात सिस्टरचा दोष मी धरत नाही. एका बाईकडे किती नोंदवह्या, किती अ‍ॅप, वर लसीकरणाचं सत्र, हे एक दिवस तिच्या शेजारी बसून बघ.

उदाहरण देतो. अडीच किलोच्या खालचं बाळ म्हणजे कमी वजनाचं. आता कुठल्याही केंद्राची जन्मवजनं उतरत्या क्रमाने लावून बघ. २.५ वर मोठा ढीग दिसेल, २.४ वर खड्डा. काटा जुना, वाचन अंदाजे, हे तर आहेच. पण बरोब्बर २.५ लिहिलं की बाळ धोक्याच्या यादीत येत नाही, पुढच्या विचारणाही वाचतात. रक्तदाबाचंही तेच, अख्खं गाव १२०/८०. नवीन अ‍ॅनालिस्ट आला की त्याने आधी हे ढीग शोधावेत. आणि शोधल्यावर सभेत नाव घेऊन वाभाडे काढू नयेत. काटा बदलून द्यावा.

तिरकी_सरासरी

खूप खूप धन्यवाद. काका, २.५ चं वाचून अंगावर काटा आला. कर्जाच्या डेटातही असंच असतं, मर्यादेच्या जरा अलीकडे गर्दी.

एक विचारायचं राहिलं. एचएमआयएसच्या अहवालात काही तालुक्यांचं काम ११० टक्के, १२० टक्के दिसतं. शंभराच्या वर टक्केवारी जाते कशी?

कोयता_आणि_छेद

हाच खरा प्रश्न. अंश सगळे तपासतात, छेदाकडे कुणी बघत नाही.

छेद कसा बनतो ते बघ. मैदानी भागातलं उपकेंद्र पाच हजार लोकसंख्येचं. राज्याचा जन्मदर धर हजारी १५. म्हणजे वर्षाला ७५ जन्म. त्यावर गर्भपात वगैरे धरून १० टक्के वाढव, साधारण ८२ गरोदर माता अपेक्षित. हे झालं उद्दिष्ट. पण त्या पाच हजारांचा आधार २०११ ची जनगणना, त्यावर दरवर्षी ठरावीक वाढ चढवलेली. पुढची जनगणना १ मार्च २०२७ च्या संदर्भाने होणार, तिचे गावनिहाय आकडे हाती येईपर्यंत हेच. शहराला लागून वाढलेल्या गावात छेद तोकडा, म्हणून १२० टक्के. ओस पडत चाललेल्या गावात छेद फुगलेला, म्हणून ७० टक्के. सिस्टर दोन्हीकडे सारखीच राबते.

त्यात आमचा बीड. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीचे कोयते निघतात पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे. धारूर, वडवणी, पाटोद्याकडच्या कितीतरी वस्त्यांत म्हातारी माणसंच उरतात. गरोदर बाईची नोंदणी इथे, तिसरी तपासणी कुठेच नाही, बाळंतपण कारखान्याच्या तळावर किंवा तिथल्या दवाखान्यात. एचएमआयएस जिथे सेवा दिली तिथे मोजतं. म्हणजे बाळंतपण त्या जिल्ह्याच्या खात्यात आणि आमच्याकडे 'पाठपुरावा नाही'. मार्चअखेरच्या आढाव्यात मग आमचा तालुका लाल.

दुसरं, पहिलं बाळंतपण माहेरी. नोंद सासरच्या उपकेंद्रात, बाळ माहेरच्या तालुक्यात. एकीकडे बाई हरवली, दुसरीकडे जास्तीचं बाळ. आरसीएच क्रमांक सोबत नेला असेल तर जुळतं, नाहीतर माहेरी नव्या नावाने नवी नोंद. नावं जुळवायला जाशील तर इंग्रजीत जाधवांचं शेवटचं अक्षर एकीकडे व्ही, विदर्भाकडे ओ. लग्नानंतर नाव बदललेलं ते वेगळंच. इथे मात्र तुझं पायथॉन लागेल. नाव, नवऱ्याचं नाव, मोबाईल, शेवटच्या पाळीची तारीख यांच्या मिळत्याजुळत्या जोड्या लावून संशयित दुबार नोंदींची यादी काढ आणि सिस्टरला दाखव. परस्पर नोंदी उडवू नकोस.

लीड्सकर

मी इंग्लंडमध्ये एनएचएसमध्ये (इथली सरकारी आरोग्यसेवा) अ‍ॅनालिस्ट आहे. इथे एसक्यूएल, आर (सांख्यिकीची संगणकभाषा) सगळं आहे, डेटाबेसही हाताशी आहे, तरी रडगाणं तेच: साहेबाला गेल्या महिन्याशी तुलना हवी, वर गेलं की हिरवं, खाली आलं की लाल. त्याला उतारा म्हणून इथे कंट्रोल चार्ट वापरतात, एनएचएस इंग्लंडचा 'मेकिंग डेटा काउंट' नावाचा अख्खा उपक्रमच त्यावर आहे. साहित्य फुकट आहे, जरूर बघ.

एक्सेलमध्ये दहा मिनिटांचं काम. दोन वर्षांचे मासिक आकडे घे, सरासरी काढ. लागोपाठच्या महिन्यांतले फरक चिन्ह सोडून घे, त्यांची सरासरी काढून २.६६ ने गुण. ते मूळ सरासरीत मिळवलं की वरची रेघ, वजा केलं की खालची. आकडा या दोन रेघांच्या आत हलतोय तोवर कुणाला नोटीस देऊ नये, कुणाचा सत्कारही करू नये. सलग सात महिने सरासरीच्या एकाच बाजूला राहिला तर मात्र उठून चौकशीला जावं.

माता मृत्यूसारख्या तुरळक घटनांना हेही चालणार नाही. महाराष्ट्राचं माता मृत्यूचं प्रमाण २०१८-२० च्या पाहणीत लाख जिवंत जन्मांमागे ३३ होतं. तालुक्यात वर्षाला तीन हजार जन्म असतील तर अपेक्षित मृत्यू एक. एकाचे दोन झाले की 'शंभर टक्के वाढ' असा तक्ता करायचा नाही. तिथे प्रत्येक मृत्यूची कहाणी वाचायची, टक्केवारी नाही.

दहावा_आदेश

लीड्सकर, व्हीसीत (व्हिडिओ बैठकीत) दोन रेघांचा आलेख दाखवला तर साहेब विचारतात, 'यात आपला नंबर कितवा?' गंमत नाही, खरंच.

लीड्सकर

इथेही विचारतात. क्रमवारी शेवटच्या पानावर टाका, आलेख पहिल्या.

अनामिक_रेणू

सगळ्यांनी आकड्यांचं सांगितलं, मी नावांचं सांगते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रुग्णांची नावं, गाव, मोबाईल असलेली एक्सेल फाइल सर्रास फिरते. साथीच्या घाईत तर फारच. क्षयरोग, एचआयव्ही, गर्भपात यांतलं एक नाव गावात फुटलं तर त्या बाईचं पुढचं आयुष्य काय होतं, हे आपण सगळे जाणतो. एचआयव्हीबाबत २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, गर्भपाताच्या गोपनीयतेला कायद्याचं संरक्षण आहे, शिवाय २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. तू नवीन आहेस, तुझ्याकडूनच फाइल मागतील. नाव आणि मोबाईलचा रकाना काढून, क्रमांक घालूनच पाठव. 'साहेबांना लगेच हवंय' म्हणाले तरी. बेरजेच्या तक्त्यातही गावनिहाय '१' लिहिलंस तर ती कोण हे गावाला कळतंच, तेव्हा तिथे तालुक्याचा आकडा दे.

नकाशावाली

अभ्यासक्रमांचं कुणी लिहिलं नाही म्हणून.

पूर्णवेळ शिकायचं तर मुंबईत देवनारची आयआयपीएस (१९५६ पासूनची संस्था, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी तिथूनच होते) आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतला सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक्रम. पण तुझं एमएस्सी झालंय, लगेच आणखी पदवी नको. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत, ते रुजू झाल्यावरही करता येतील. घटना दर (नवे रुग्ण) आणि व्याप्ती दर (नवे-जुने मिळून असलेले रुग्ण) यातला फरक तिथे नीट कळेल.

कुटुंब आरोग्य पाहणीची जिल्हा पत्रकं डाउनलोड करून ठेव, एचएमआयएसच्या आकड्याला पडताळा म्हणून. पण जपून. पाचव्या पाहणीत ७०७ जिल्ह्यांत मिळून सुमारे ६ लाख ३७ हजार कुटुंबं होती, म्हणजे जिल्ह्याला सरासरी नऊशेच्या आसपास. त्यातून तालुक्याचा आकडा काढून दे असं कुणी म्हणालं तर नाही म्हण.

क्यूजीआयएस (नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर) शीक, फुकट आहे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात जीबीएसचे (गिलॅन-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) रुग्ण वाढले तेव्हा सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी असे पत्ते नकाशावर मांडले की नजर आपोआप पाण्याकडे जात होती. रुग्णयादीत तेच पत्ते पानापानांवर विखुरलेले असतात. गावांच्या नावांवर विसंबू नकोस, एका जिल्ह्यात पिंपळगावं ढीगभर. एलजीडी कोड (सरकारी यादीतला प्रत्येक गावाचा स्वतंत्र क्रमांक) वापर.

तिरकी_सरासरी

सगळ्यांचे आभार. वडिलांना धागा वाचायला दिला. ते दहावा_आदेश यांच्या प्रतिसादापाशी थांबून 'हा माणूस शहाणा आहे' म्हणाले, पुढचं वाचलंच नाही. तरी दोन वर्षांसाठी जायचं असं जवळपास ठरवतोय. नोटीस पिरियड इकडे दोन महिन्यांचा आहे, रुजू व्हायला मुदतवाढ मिळते का?

नोंदवही

लेखी अर्ज कर, तोंडी सांगण्यावर राहू नकोस. पोचपावती घे. मिळेलच असं नाही, प्रतीक्षा यादीतला पुढचा माणूस टपलेला असतो, म्हणून आधी अर्ज आणि मग राजीनामा. मूळ प्रमाणपत्रांसोबत एमएससीआयटीचंही ठेव, एमएस्सी असलास तरी मागतील. आणि लॅपटॉप स्वतःचा आण, ऑफिसच्या संगणकावर पॉवर क्वेरी चालेल याची खात्री मी देत नाही.