मदत हवी आहे: खरी नावं न देता संपादकाची खात्री कशी पटवायची?

फ्रीलान्स करते. मिझोराममधल्या चिन (म्यानमारच्या चिन राज्यातला समाज) निर्वासितांवर लेख तयार आहे, म्यानमारमध्ये २०२१ ला लष्कराने सत्ता घेतल्यावर सीमेवरची तियाउ नदी ओलांडून मिझोरामच्या झोखावथार गावात आलेली माणसं. घरचे अजून पलीकडेच म्हणून नावं बदललीत, फोटो पाठमोरे, एकीच्या हातावरचं गोंदणही क्रॉप केलं. संपादक म्हणतात खरी नावं आणि रेकॉर्डिंग पाठवा नाहीतर छापणार नाही. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सहीच केलेली नाही, परत पाठवायची भीती खरी आहे, हे सांगून झालं. संमती तोंडी रेकॉर्ड आहे, लेखी नाही आणि ती घ्यायला पुन्हा तिकडे जाणं मला परवडत नाही. फाइल हातात न देता नुसतं व्हिडिओ कॉलवर ऐकवून कोणी पडताळणी करून दिलीये का, आणि गुप्ततेचं संपादकाकडून लेखी कसं घेतलंत?