‘शुभेच्छा’ची शिरोरेघ पसरते आणि मार्कर फिरवताच काळी शाई ओढली जाते : काय चुकते आहे?

कातरकाम (प्रश्न)

नमस्कार. गेली दोन वर्षे मी हौसेने शुभेच्छापत्रे करते आहे. पण आजवर ती एकेक, सुटी केलेली होती. आता एकाच नमुन्याची चाळीस पत्रे करायला घेतली आहेत आणि एखाद्या पत्रात जे खपून जात असे, ते सगळी पत्रे ओळीने मांडल्यावर डोळ्यांत खुपू लागले आहे.

नमुना साधा आहे. वर स्टेन्सिलने निळ्या पिगमेंट शाईत ‘शुभेच्छा’ हा शब्द, खाली पारदर्शक ठशाने उमटवलेले पाच पाकळ्यांचे फूल आणि त्यात अल्कोहोल मार्करने भरलेला गुलाबी रंग. स्टेन्सिल मी ओएचपीच्या पारदर्शक शीटमधून कटरने स्वतः कापली. शिरोरेघेच्या दोन्ही टोकांना शाई शीटखाली शिरते आणि रेघेला मिशा फुटल्यासारख्या दिसतात. ‘छ’च्या पोटातला तुकडा कापताना निखळून पडला, त्यामुळे तिथे अक्षर न राहता नुसता गोळा उमटतो.

ठसा नवा कोरा आहे. त्यावर शाईचे थेंब थेंब होतात आणि रेघ मधे मधे तुटते. जिथे ती नीट उमटते, तिथे मार्कर लागताच काळी शाई पाकळीत ओढली जाते. फुलासाठी मी मुद्दाम ‘कायमची, पाण्याने न जाणारी’ असे लिहिलेला काळा पॅड घेतला होता, म्हणजे शाई पसरण्याची भीतीच नको असा माझा हिशेब होता. शिवाय पाच पत्रे हौसेने चकचकीत कागदावर केली. त्यांवरची निळी अक्षरे परवा उमटवलेली असूनही आज बोटाला लागतात. बाकीचा कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, गुळगुळीत पांढरा आहे. तोही घडीवर तडकतो आहे. यात हाताचा दोष किती आणि सामानाचा किती, हे मला कळेनासे झाले आहे.

शाईचा_डाग

नमस्कार. तुम्ही जे वर्णन केले आहे, त्यात हाताचा दोष मला फारच थोडा दिसतो. शाई, कागद आणि वरून भरायचा रंग या तिघांचे आपसांत जमत नाही, एवढाच मुख्य भाग आहे.

आधी काळ्या शाईचे पाहू. ‘पाण्याने न जाणारी’ या शब्दांचा अर्थ तेवढाच घ्यायचा असतो. ती शाई पाण्याला दाद देत नाही, कारण तिचा आधार तेलाचा किंवा सॉल्व्हंटचा (पाण्याऐवजी रंग धरणाऱ्या रासायनिक द्रवाचा) असतो. पण नेमक्या याच कारणाने अल्कोहोल तिला पुन्हा सैल करू शकते. मार्करमध्ये तर अल्कोहोलच असते. म्हणून बाह्यरेषेची शाई आणि आत भरायचा रंग हे विरुद्ध कुळातले घ्यावेत. आत अल्कोहोल मार्कर फिरवायचा असेल तर रेघ पाण्यावर आधारलेल्या डाय शाईची असावी, आणि आत जलरंग भरायचे असतील तर तुमचा सध्याचा काळा पॅड उत्तम. तो टाकून देऊ नका, तो फक्त चुकीच्या जागी वापरला गेला आहे. पॅडवर ‘अल्कोहोल मार्करसाठी योग्य’ असे लिहिलेले असले, तरी त्याच कागदाच्या कपट्यावर ठसा उमटवून, पाच-दहा मिनिटे थांबून, वरून मार्कर फिरवून पाहावा. मी स्वतः एकदा ही चाचणी वेगळ्या कागदावर केली आणि प्रत्यक्ष पत्रांवर रेघ फुटली. शाई तीच, मार्कर तोच, फक्त दुसरा कागद जास्त शोषणारा होता.

आता निळ्या शाईकडे येऊ. डाय शाईतला रंग द्रवात पूर्ण विरघळलेला असतो. तो कागदाच्या तंतूंत मुरतो, लवकर वाळतो, थोडा पारदर्शक दिसतो आणि उजेडात काही काळाने विटू शकतो. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण तरंगत असतात; ते कागदाच्या वरच बसतात, म्हणून रंग दाट आणि टिकाऊ येतो, पण वाळायला वेळ लागतो. साध्या कागदात निदान द्रव तरी खाली जिरतो. चकचकीत कागदावर लेप असल्याने तोही मार्ग बंद होतो आणि शाई नुसती वर बसून राहते. तुमची ती पाच पत्रे आणखी आठवडाभर ठेवली तरी कदाचित बोटाला लागतीलच. अक्षरे ताजी उमटवून त्यांवर पारदर्शक एम्बॉसिंग पावडर टाकावी आणि हीट गनने, म्हणजे खूप गरम हवा सोडणाऱ्या हातयंत्राने, वितळवावी, म्हणजे शाई त्या थराखाली बंद होईल आणि शब्दाला उठावही येईल. हे करायचे नसेल तर चकचकीत कागदासाठी सॉल्व्हंटची शाई घ्यावी, मात्र ती ठशावरून निव्वळ पाण्याने निघत नाही.

थेंबांचे कारण सोपे आहे. नव्या पारदर्शक ठशाचा पृष्ठभाग फार गुळगुळीत असतो आणि त्यावर कारखान्यातला तेलकट थरही असू शकतो. पांढऱ्या खोडरबराने ठशावरून हलक्या हाताने दोन-तीनदा घासा, सौम्य साबणाच्या पाण्याने धुवा, कोरडा करा आणि रद्दी कागदावर चार-पाच ठसे उमटवून मगच पत्राला हात लावा. ठसा पॅडमध्ये दाबू नये; ठोकळ्यावर लावलेला ठसा टेबलावर उताणा ठेवून पॅडच त्यावर हलके हलके टेकवावा. दाबून घेतले की शाई रेघांच्या मधल्या खाचांत जाते आणि ठोकळ्याच्या कडेचाही फराटा उमटतो. कागदाखाली पातळ फोमची गादी घेऊन ठोकळा सरळ खाली दाबावा, डोलवू नये.

अक्षरवळण

शाईविषयी वर जे लिहिले आहे, त्याला माझी पूर्ण सहमती आहे. मी फक्त स्टेन्सिलविषयी लिहितो, कारण देवनागरी अक्षरे कापण्यात माझी पुष्कळ शीटे वाया गेली आहेत.

‘छ’चे पोट निखळले, हा तुमच्या कटरचा दोष नव्हे. स्टेन्सिलमध्ये चारही बाजूंनी कापलेला कोणताही तुकडा पडणारच. त्याला बाजूच्या शीटशी जोडणारा पूल ठेवावा लागतो. ‘शुभेच्छा’त हा प्रश्न ‘छ’ला सर्वांत जास्त, त्याखालोखाल ‘भ’च्या आणि ‘श’च्या गाठीला येतो. पूल कुठे ठेवायचा हे अक्षराच्या वळणावरून ठरवावे. बोरूने लिहिताना जिथे रेघ नैसर्गिकपणे बारीक होते, तिथे दीड-दोन मिलिमीटरचा पूल ठेवला तर डोळ्याला तो वळणाचाच भाग वाटतो; जाड रेघेच्या मधोमध ठेवला तर अक्षर मोडल्यासारखे दिसते. शिरोरेघ सलग कापण्याचा मोह मीही बराच काळ सोडला नव्हता. शब्द लांब असला की तिच्याखालची सगळी शीट लोंबकळते आणि अक्षरांच्या बाजूने वर उचलली जाते. तुमच्या मिशांचे एक कारण हेच असावे. प्रत्येक अक्षरापाशी शिरोरेघेत बारीक खंड ठेवून पाहा.

जपानमध्ये कापड छापण्यासाठी जी कातागामी नावाची कागदी स्टेन्सिल करत, तिच्यातही हीच अडचण होती. तुतीच्या सालीच्या कागदाचे थर पर्सिमॉन फळाच्या तुरट रसाने चिकटवून तो कागद घट्ट आणि पाण्याला टिकणारा करत, आणि फार नाजूक नमुना असला की सुटे तुकडे जागच्या जागी धरण्यासाठी रेशमाचे धागे किंवा पुढे रेशमाची जाळी लावत. आपल्याला एका शब्दासाठी एवढा खटाटोप नको. परंतु पूल नकोच असतील तर त्यातली युक्ती उचलता येते. ‘छ’चा मधला तुकडा जपून ठेवावा, मागून कमी चिकट गोंद लावून प्रत्येक पत्रावर आधी तो बसवावा आणि मग शीट ठेवावी. चाळीस पत्रांना हे कंटाळवाणे होते, हे खरे आहे.

शाई शीटखाली शिरते, ती मुख्यतः जास्त शाई आणि तिरका हात यांमुळे. मऊ, दाट केसांचा ब्रश पॅडवर टेकवल्यावर आधी रद्दी कागदावर फिरवून घ्या. ब्रशला शाई संपली की काय असे वाटू लागेल, तेव्हा तो स्टेन्सिलवर न्यायचा. हात शीटच्या न कापलेल्या भागावरून सुरू करून गोल गोल फिरवत मोकळ्या जागेत आणावा. शिरोरेघेच्या टोकाशी गोल फिरवणेही थांबवावे आणि ब्रश उभा धरून नुसता टेकवावा. गडदपणा एका फेरीत आणू नये, तीन फेऱ्यांत आणावा. शीट धरून ठेवायला मागे तात्पुरता चिकटणारा स्प्रे मारला की प्रश्न मिटतो.

घडीव

स्प्रेच्या बाबतीत माझा अनुभव वेगळा आहे. पाच-सहा पत्रे ठीक जातात, पण नंतर शीटच्या कडांना चिकटा साठतो, त्यात ब्रशचे केस आणि कागदाचा भुसा अडकतो आणि तोच पुढच्या पत्रावर डाग होऊन उतरतो. चाळीस पत्रांसाठी मी मास्किंग टेपने शीट एका बाजूने पुठ्ठ्यावर बिजागरीसारखी पक्की करते आणि पत्र ठेवायची जागा पुठ्ठ्याच्याच दोन पट्ट्या लावून ठरवते. पत्र सरकवायचे, शीट मिटायची, शाई लावायची, शीट उघडायची. शब्द प्रत्येक पत्रावर एकाच जागी येतो, हा वरचा फायदा. चार-पाच पत्रांनंतर शीटची खालची बाजू ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडी केली पाहिजे.

घडीचे सांगते. कागदाच्या तंतूंना एक दिशा असते. कागद न मोडता आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने कमानीसारखा वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, त्या कमानीच्या अक्षाला तंतू समांतर असतात. घडीही त्यांना समांतर पडली पाहिजे. तुमचा ए-४ कागद लांबीच्या दिशेने तंतू असलेला असेल आणि तो एकदाच दुमडून तुम्ही ए-५ आकाराचे पत्र करत असाल, तर घडी तंतूंना आडवी जाते आणि तडकते. तोच कागद आधी आडवा कापून दोन ए-५ तुकडे केले आणि त्यांतला प्रत्येक दुमडून १०५ गुणिले १४८ मिलिमीटरचे उभे पत्र केले, तर घडी तंतूंच्या बाजूने पडते. शिवाय ते पत्र ११४ गुणिले १६२ मिलिमीटरच्या सी-६ पाकिटात बरोबर बसते. दुमडण्यापूर्वी पट्टीच्या आधाराने बोथट टोकाने खाच पाडावी आणि खाच बाहेर, तिच्यामागे आलेला फुगवटा आत, अशी घडी घालावी. बहुतेकजण याच्या उलट करतात, कारण खाच पाहिली की तिच्यातच मिटावेसे वाटते.

कातरकाम

तिघांचेही मनापासून आभार. तीन संध्याकाळी यात गेल्या.

खोडरबराचा उपाय लगेच लागू पडला. चौथ्या ठशापासून रेघ सलग आली. काळा डाय पॅड आणला, दहा मिनिटे थांबून मार्कर फिरवला आणि गुलाबी रंग गुलाबीच राहिला. कागद वाकवून पाहिला, तर तंतू खरोखरच लांबीच्या दिशेने होते आणि मी इतके दिवस घडी आडवी घालत होते. पत्रांचा आकार आता लहान केला आहे. शीट नव्याने कापली. ‘छ’ला खाली डावीकडे, वळण बारीक होते तिथे पूल ठेवला, आणि पुठ्ठ्याची बिजागरीही केली. शिरोरेघेतले खंड मात्र मला पाहवेनात, म्हणून रेघ सलगच ठेवली आणि शाई लावताना दुसऱ्या हाताने, पेन्सिलीच्या बोथट टोकाने, शीट अक्षरांच्या मधे दाबून धरते. जमते आहे.

एकच अडचण उरली आहे. चकचकीत कागदाची पाच पत्रे नव्याने करून त्यांवर एम्बॉसिंग पावडर टाकली, तर अक्षरांभोवतीही बारीक कण चिकटून राहतात आणि तापवल्यावर तिथे पुरळ आल्यासारखे दिसते. दुसऱ्या पत्रावर अक्षरे चमकण्याऐवजी तेलकट आणि चपटी झाली. हीट गन अजून आणलेली नाही, केस वाळवायच्या यंत्राने पाहिले तर पावडरच उडाली, म्हणून शेवटी पत्र गॅसच्या आचेवर दुरून धरले.

शाईचा_डाग

आचेवर पत्र धरणे कृपया थांबवा. कागद पेटण्याचा धोका आहे आणि उष्णताही एकसारखी लागत नाही. केस वाळवायच्या यंत्राची हवा जोराची आणि उष्णता कमी असते, हीट गनचे नेमके उलट असते. ती उसनी मिळाली तरी चालेल, पाच पत्रांचेच काम आहे.

कण चिकटतात ते कागदावरच्या स्थिर विजेमुळे आणि बोटांच्या तेलकटपणामुळे. शाई लावण्यापूर्वी पातळ कापडाच्या पुरचुंडीत थोडी टाल्कम पावडर बांधून ती कागदावरून हलकेच फिरवा. एम्बॉसिंग पावडर टाकल्यावर पत्र उलटे धरून मागून टिचकी मारा आणि उरलेले कण कोरड्या बारीक कुंचल्याने, तापवण्यापूर्वीच, काढा. अक्षरे तेलकट झाली ती जास्त तापवल्यामुळे. पावडर वितळून पुढे कागदात उतरली. हीट गन आधी कागदापासून दूर, काही सेकंद चालू ठेवून गरम करून घ्यावी, मग अक्षराच्या एका टोकाशी आणावी. दाणेदार पृष्ठभाग एकदम आरशासारखा होतो. तो झाला की त्याच क्षणी पुढे सरकावे. पत्र वाकले तर थंड झाल्यावर वर कोरा कागद ठेवून वजनाखाली रात्रभर दाबून ठेवा.

कातरकाम

हीट गन शेजारून मिळाली. पुरचुंडी फिरवून केलेल्या तीन पत्रांवर एकही कण नाही. चौथ्या पत्रात ‘भे’ची मात्रा जास्त तापली, ती तशीच ठेवली आहे. पाचवे पत्र उद्या करेन.