वरचा मजला, मे महिन्याचं बिल ४६० युनिट. कूलर बंद करू का?

मानेवाड्याची सून
नागपुरात मानेवाडा रोडला वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो, डोक्यावर थेट स्लॅब. मार्चपर्यंत १८० युनिटच्या आत असणारं बिल मे महिन्यात ४६० वर गेलं. घरात एक डेझर्ट कूलर, रात्री दीड टनाचा एसी, चार पंखे, फ्रीज. सासरे सत्तरीचे आहेत, दुपारी घरीच असतात, त्यांना उकाड्यात ठेवून मला पैसे वाचवायचे नाहीत. शेजारी म्हणतात, ३०० च्या वर गेलं की सगळ्याच युनिटला वरचा दर लागतो. खरं का? आणि कूलर दिवसभर चालतो, तो कमी करू का?

बिल वाचणारा
शेजाऱ्यांचं चूक आहे. पहिले १०० युनिट पहिल्या दराने, १०१ ते ३०० दुसऱ्या, ३०१ ते ५०० तिसऱ्या. तुमचे फक्त वरचे १६० युनिट महागात गेले. पण वाचवलेलं प्रत्येक युनिट त्या महाग भागातूनच कमी होतं, म्हणून जपायलाच पाहिजे.

सक्करदऱ्याचा वायरमन
कूलर बंद करू नका ताई. घरगुती कूलर पंपासकट साधारण दोनशे वॅट घेतो, म्हणजे पाच तासांना एक युनिट. पंधरा तास चालला तरी तीनच. एसी भर उन्हाळ्यात तासाला एक-सव्वा युनिट घेतो. रात्रीचे आठ तास धरा, तुमचं वाढलेलं बिल तिथेच आहे.

आपला मे कोरडा असतो. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना हवेतली उष्णता ओढून घेतं, म्हणून कूलर नागपुरात चालतो, मुंबईत नाही. पण लोकं दारं-खिडक्या लावून कूलर चालवून राहिले! तासाभरात खोली दमट होते, अंग चिकचिकतं, मग एसी लावावाच लागतो. कूलरच्या समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, दमट हवा बाहेर गेली पाहिजे. कूलरच्या बाजूच्या गवताच्या ताट्या दरवर्षी बदला. बोअरच्या पाण्याचे क्षार बसले की त्यांतून हवाच ओढली जात नाही. आणि दर आठवड्याला टाकी रिकामी करून घासा, डेंग्यूचे डास तिथेच अंडी घालतात. घरात म्हातारं माणूस असताना हे बिलापेक्षा मोठं काम आहे.

रात्री दहाला घरात जी गरमी असते ती स्लॅबने दिवसभर साठवलेली. घरमालकांना विचारून गच्चीवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात मारा, खर्च फार नाही. एसी २६ वर ठेवा, सोबत पंखा हळू फिरू द्या. १८ वर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही, फक्त कॉम्प्रेसर थांबत नाही.

पंखे जुने असतील तर एकेक करून बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, घ्या. साधा पंखा ७५ वॅट, हा ३० च्या आसपास. चारही पंखे रोज पंधरा तास फिरत असतील, तर महिन्याला ८० युनिट वाचतात, आणि पंखे तर दिवाळीपर्यंत फिरतातच.

मानेवाड्याची सून
खूप आभार दादा. खिडकी आम्ही बंदच ठेवत होतो. पावसाळ्यात काय करायचं? आणि घरमालक सोलरचं विचारत होते.

सक्करदऱ्याचा वायरमन
पाऊस लागला की कूलरचा पंप बंद, नुसता पंखा चालवा. दमट हवेत पाणी उडत नाही, उलट घर ओलं होतं.

बिल वाचणारा
सोलरसाठी २०२४ ची पीएम सूर्यघर योजना आहे. १ किलोवॅटला ३०,००० रुपये अनुदान, २ ला ६०,०००, ३ किंवा जास्तीला ७८,०००. एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरा. मात्र बिल कोणाच्या नावावर आहे, ते आधी बघा आणि वीज वाचली तर भाडेकरूला किती सूट, हे घरमालकांशी लिहून ठरवा. पॅनलच्या सावलीने तुमचा स्लॅबही कमी तापेल. फक्त पाण्याच्या टाकीची सावली पॅनलवर पडायला नको, थोडी सावलीही वीज बरीच कमी करते.